उजवीकडच्या पट्ट्या

एसटीत पाय ठेवायच्या आधी सर ड्रायव्हरला विचारायचे, "ब्रेकचं काम शेवटचं कधी झालं?" ड्रायव्हर हसला तर सर ती गाडी सोडायचे, चिडला तरी सोडायचे. कुणी वैतागून म्हणालं, 'मास्तर, डेपोत विचारा,' तर ते खरोखर डेपोत जाऊन विचारायचे. मी एकदा त्यांच्याबरोबर शेवगावला लग्नाला निघालो होतो. आम्ही पोचलो तेव्हा आचारी पातेली घासत होते आणि नवरी सासरी गेली होती. सर म्हणाले, "पोचलो ना?" त्यांच्या लेखी पोचणं ही मोठी गोष्ट, जेवण किरकोळ.

मी त्यांना सर म्हणायचो, पण मी त्यांचा विद्यार्थी नव्हे, भाडेकरू. भिंगारच्या पुढं पाथर्डी रोडला त्यांचं घर, आणि घरापुढं लांबच लांब पत्र्याचं शेड. त्या शेडात मी उसाच्या ट्रॉल्या बनवायचो, अजूनही बनवतो. सर टेक्निकल शाळेत ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले. उंच, किडकिडीत, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. लोकांच्या खिशात पेन असतं तशी ह्यांच्या खिशात एक बोटभर लांबीची हातोडी. जातील तिथं वाजवून बघायचे. पुलाचा कठडा, हॉटेलातलं बाकडं, दवाखान्यातला सलाइनचा स्टँड. ठोका मारायचा, डोळे मिटायचे, ऐकायचं. "वाजतंय नीट," असं म्हणाले की बसायला हरकत नाही. आमच्या मेहुण्याच्या साखरपुड्यात त्यांनी मांडवाचा खांब वाजवला आणि तोंड वाकडं केलं. झालं. अख्खी पंगत ताटं उचलून उन्हात जाऊन बसली. मांडव काही पडला नाही. दुसऱ्या दिवशी मेहुणा मला म्हणाला, तुझ्या त्या सरांना सांग, पडला नाही म्हणून. मी सांगितलं. सर म्हणाले, "काल नाही पडला."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. कसलंही काम काढा, ते म्हणणार, "धरून चाला की हे तुटलं. मग?" त्या 'मग'चं उत्तर दिल्याशिवाय लोखंडाला हात लावायचा नाही. सुरुवातीला मी उडवून लावायचो. "सर, तुटलं तर वेल्डिंग मारू की." ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "आणि तेव्हा खाली कुणी असलं तर?" आता ह्यावर काय बोलणार, कपाळ? सगळ्यांना अहो-जाहो करायचे, माझ्याकडच्या कामगारांना, माझ्या बायकोला आणि शेडातल्या कुत्र्यालाही. "तुम्ही इथं झोपू नका, वर चेनब्लॉक आहे," असं ते कुत्र्याला समजावून सांगायचे. आणि देवाशपथ सांगतो, ते कुत्रं उठून दुसरीकडं जायचं.

असल्या माणसाला गाडी चालवता यायची नाही, हे वेगळं सांगायला नको. सायकलसुद्धा ते हातात धरून पायी चालायचे. गाडी चालवायच्या काकू.

काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, पाथर्डीकडच्या. वडील गावात डॉक्टर, पंचक्रोशीत फिरायला त्यांच्याकडं हेराल्ड. आताच्या पोरांना हेराल्ड माहीत नसणार. छोटी, बुटकी गाडी, अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला कलंडून उघडतं. त्या काळात त्या भागात बाईमाणसानं गाडी शिकायची म्हणजे आक्रीतच, पण काकू शिकल्या, तेही गावच्या पाझर तलावात. तलावात पाणी असायचं पावसाळ्यापुरतं, तेही देवाच्या मनात आलं तर. बाकी वर्षभर तो तलाव म्हणजे काकूंचं मैदान. लग्नात वडिलांनी तीच गाडी लेकीला दिली. मग कितीतरी वर्षं काकू स्टिअरिंगवर, सर डावीकडं, मांडीवर पिशवी, खिशात हातोडी, अशी ती जोडी नगरच्या रस्त्यावर दिसायची म्हणतात.

पुढं पार्ट मिळेनात, तेव्हा काकूंनी गाडी माहेरी भावाच्या शेडात नेऊन ठेवली. भाऊ बिचारा भला माणूस. त्यानं गाडी जपली, पावसाचा एक थेंब लागू दिला नाही. फक्त शेतावर कोरडी जागा तेवढीच, म्हणून त्यानं गाडीत आणि गाडीखाली खताच्या गोण्या रचल्या. दर हंगामाला जुन्या काढायच्या, नव्या ठेवायच्या. खत ओल धरतं आणि लोखंड खातं, हे आमच्याकडं पेरणीयंत्र असलेल्या कुठल्याही माणसाला विचारा. पण ही गोष्ट पेरणीयंत्राबाबत कळते, बहिणीच्या गाडीबाबत सुचत नाही.

मग काकूंच्या हाताला कंप सुटला. आधी डावा, मग दोन्ही. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढत जाणार, किती भरभर ते सांगता येत नाही. त्याच आठवड्यात मी ओट्यावर चहा पीत होतो तेव्हा काकू सरांना म्हणाल्या, "हात हायेत तवर एकदा हेराल्ड घेऊन करंजीचा घाट चढायचा. माहेरच्या दारात मी सोता गाडी उभी करनार. मंग काय व्हायचं ते होऊ दे."

सरांचा चेहरा पांढरा पडला. हळूहळू मला त्याचं कारण कळलं. त्यांना दोन भीत्या होत्या. एक, गाडी वाटेत तुटेल. दुसरी, ती तुटू नये म्हणून मेहनत घेता घेता काकूंचे हात संपून जातील. दोन्ही एकमेकींच्या उरावर बसलेल्या.

गाडी टेम्पोत घालून शेडात आणली. चेनब्लॉकनं उचलायला गेलो तर बॉडी वर आली आणि चासीचे, म्हणजे खालच्या सांगाड्याचे, अर्धे तुकडे खालीच राहिले. हातात धरलं की पापडासारखं मोडायचं. नवी चासी कुठं मिळायची नाही, ते कधीच बंद झालं. मी म्हणालो, "सर, बॉडी दारात ठेवा, शोभेला बरी दिसेल." ते कोपऱ्यात वाकून एक तुकडा वाजवून बघत होते. तो वाजलाच नाही, नुसता गळून पडला. ते म्हणाले, "नवी करू. पत्रा वाकवून देणारा एमआयडीसीत मिळेल ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं अर्धं शेड झाडून घेतलं आणि जमिनीवर खडूनं अख्खी चासी काढली, गाडी जेवढी असते तेवढीच. मधे लांब दोन दांडे, त्यांना दोन्ही बाजूंनी हात पसरल्यासारखे आडवे तुकडे, त्यावर बॉडी बसणार. मग इंजिनाची जागा, चाकांची जागा, सीटा, दारंसुद्धा. मोडक्या चासीचं माप घेऊन भागणार नव्हतं, ती वाकलेली होती, म्हणून बॉडीवरून, बोल्टांच्या भोकांवरून, काकूंच्या आठवणीवरून माप काढलं. दोरीनं कर्ण मोजायचे, जुळले नाहीत की पुसायचं, पुन्हा काढायचं. त्या खडूवर पाय द्यायला सगळ्यांना बंदी. पारनेरचा एक बागायतदार ट्रॉलीची ऑर्डर द्यायला आला आणि बोलता बोलता मधे जाऊन उभा राहिला. सर म्हणाले, "माफ करा, तुम्ही इंजिनावर उभे आहात." तो दचकून बाजूला झाला. "आता तुम्ही बॅटरीवर आहात." शेवटी तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि तिथूनच ऑर्डर देऊन गेला. काकू मात्र खडूच्या दारातून आत यायच्या. चहा घेऊन आल्या की खडूच्या गाडीच्या दाराशी थांबायच्या, दार उघडल्यासारखा हात करायच्या, मग आत पाऊल. सर ते बघायचे आणि खाली मान घालून रेघ पुसायला लागायचे.

त्या चहावरूनच मला दिवस मोजायची सवय लागली. काम सुरू झालं तेव्हा काकू कपबशीतून चहा आणायच्या, बशीचा आवाज आधी यायचा, काकू मागून. मग बशी गेली आणि स्टीलचे ग्लास आले, अर्धेच भरलेले. मी ते बघत होतो, सर बघत होते.

चासी तयार व्हायला तेवढा वेळ लागायचं खरं म्हणजे कारण नव्हतं. एकदा वाकवलेला पत्रा आला की आठपंधरा दिवसांचं काम. माझ्याकडं ट्रॉलीचा तयार बेड, म्हणजे तळाचा सपाट सांगाडा होता, त्यावर सगळं बोल्टानं आवळून बसवलं, म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेनं वाकडं व्हायला नको. एक टाका इकडं मारायचा, एक तिकडं. प्रत्येक टाक्यानंतर सर थांबायला लावायचे, हात लावून बघायचे, निवलं की पुढचा. इथपर्यंत ठीक. पण चासी झाली, कर्ण जुळले, मी म्हणालो, "आता बॉडी बसवू," आणि सरांना झोप लागेना.

सकाळी यायचे ते डोळे लाल. "काल विचार केला. धरून चाला की समोरून पाण्याचा टँकर आला आणि घासून गेला. मग?" मग काय, एक पट्टी. जाड, हातभर, चासीच्या अंगाला वेल्ड करायची. तिचं नाव टँकरची पट्टी. दोन दिवसांनी खड्ड्याची पट्टी. मग दारावर कुणी आदळलं तर, म्हणून दाराची पट्टी. मग करंजीची पट्टी, घाटाच्या वळणासाठी खास. एके दिवशी म्हणाले, "रस्त्यात उसाची ट्रॉली उभी असते, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. धरून चाला की..." मी ग्राइंडर खाली ठेवला. "सर, माझ्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर असतात." ते म्हणाले, "तुमच्या ट्रॉलीला असतात. तुम्हाला मी ओळखतो. बाकीच्यांना ओळखत नाही." बसली ट्रॉलीची पट्टी.

मी प्रत्येक वेळी कुरकुर केली, पण मारली. आमच्या धंद्यात लोखंड जास्त झालं म्हणून आजवर कुणी तक्रार केलेली नाही. ट्रॉलीवाला गिऱ्हाईक येतो तोच म्हणतो, भक्कम करा, दुप्पट भरायचीये. भक्कम म्हणजे चांगलं, हे माझ्या हाडात मुरलेलं. एकदा फक्त मी विचारलं, "सर, डाव्या अंगाला काहीच नाही?" ते म्हणाले, "तिकडून काही येत नाही." बरोबरच होतं. आपल्याकडं समोरची गाडी उजवीकडूनच येते. मी चासी उलटी करून, स्टँडवर ठेवून, एकेक पट्टी मारत होतो. सगळ्या मिळून कशा दिसतात ते बघायचं कारणच पडलं नाही.

मग ग्लासही गेले आणि थर्मास आला. त्याचं झाकण काकू काखेत धरून उघडायच्या. त्या दिवशी माझा तोल गेला. काकू आत गेल्यावर मी म्हणालो, "सर, पुरे झालं. तुम्ही काकूंचे हात बघताय की नाही?"

ते म्हणाले, "तेच बघतोय हो. दुसरं काय बघतोय?"

आवाज अगदी बारीक निघाला. बॉडी बसवली, इंजिन बसवलं. चासी बदलायची म्हणजे सरकारी परवानगी लागते, तीही सरांनी रीतसर आणली. त्या ऑफिसात साहेबांच्या खुर्चीचा पाय वाजवून बघितला म्हणे. काम लवकर झालं ते बहुतेक त्यामुळंच.

घाटाच्या चाचणीला सकाळीच निघालो. काकू स्टिअरिंगवर, केसात अबोली, सर डावीकडं, आणि मी मागून पिकअप घेऊन, पाणी, दोरी, हत्यारं सगळं घेऊन. सपाटीला काकूंचा हात बघून मी खूश झालो. चालवण्यात कंप नव्हता, जुनी सवय हाताला धरून होती. पण मागून बघताना मला काहीतरी खटकत होतं. गाडी एका अंगाला बसलेली. उजवीकडं. गाडी उजवीकडं जायची, काकू डावीकडं ओढायच्या, परत उजवीकडं, परत डावीकडं. समोरून खडीचे डंपर येत होते आणि दर वेळी मी पिकअप हळू करत होतो.

घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी धापा टाकत थांबली. बॉनेटमधून वाफ. मी पळत जाऊन चाकामागं दगड लावला. काकूंनी स्टिअरिंग सोडलं होतं. दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ते मी कधी बघितले नव्हते इतके उडत होते. तळवे लाल झालेले.

"गाडी उजवीकडं ओढती," त्या म्हणाल्या. "सारखी ओढती. भांडून भांडून हात गेले माझे."

मी रस्त्यावर आडवा होऊन खाली बघितलं. पहिल्यांदा सगळ्या पट्ट्या एकत्र दिसल्या, टँकरची, खड्ड्याची, दाराची, करंजीची, ट्रॉलीची, आणि आणखी दोनतीन, ज्यांची नावं मी विसरलो होतो. सगळ्या काकूंच्या सीटखाली आणि काकूंच्या दारापाशी. डावं अंग मोकळं, नुसती चासी.

"काय हाय खाली?" काकूंनी विचारलं.

"पट्ट्या, काकू. सगळ्या तुमच्या अंगाला."

"आन ह्यांच्या अंगाला?"

मी चाकामागचा दगड परत नीट लावला. काकू सरांकडं वळल्या. सर दरीकडं बघत होते, हातोडी मुठीत गच्च.

"ट्रक उजवीकडून येतात," ते म्हणाले.

"धरून चाला की डावीकडून आला," काकू म्हणाल्या. "मंग?"

दुसऱ्याच्या तोंडून ते 'मग' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. काकूंना रागही आला होता आणि डोळ्यांत पाणीही आलं होतं. "मी काय ऊस हाय का, येवढं लोखंड घालायला? आन तुमचंच तुटलं तर मी गाडी कुनासाठी चालवू? सांगा की."

सर हळूच म्हणाले, "मला तुमच्याशिवाय जमणार नाही. म्हणून."

"मंग मला जमनार हाय व्हय?"

मी दोरी लावून गाडी ओढत परत आणली.

पट्ट्या कापायच्या ठरल्या, बॉडी पुन्हा उतरवली. कुठली काढायची, कुठली ठेवायची, ते सरांनी खडूनं खुणा करून द्यायचं. पहिल्या दिवशी ते चासीवर खडू ठेवायचे आणि उचलायचे. संध्याकाळपर्यंत एकाही पट्टीवर खूण नाही. मलाही आता घाई करायची भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी काकू आल्या, रिकाम्या हातानं. थर्मासही आता आणवत नव्हता. "चहा घरात ठेवलाय, तुमीच या," म्हणाल्या. सर उठले आणि सरळ टँकरच्या पट्टीवर फुली मारली. मग करंजीच्या. ग्राइंडर सुरू झाला तेव्हा ते बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. दुसरी कापताना परत आले आणि पट्टी स्वतः धरून बसले, ठिणग्या शर्टावर उडत होत्या तरी. कापलेल्या पट्ट्या त्यांनी भिंतीला ओळीनं उभ्या करून ठेवल्या. अजून आहेत त्या तिथं. मी त्यातली एकही ट्रॉलीला वापरली नाही.

सर औषधं आणायला गावात गेले होते तेव्हा काकू शेडात आल्या. खडूच्या रेघा केव्हाच पुसल्या होत्या, तरी त्या दाराच्या जागी थांबूनच आत आल्या. "एक पट्टी ठेव," म्हणाल्या. "त्यांच्या सीटखाली. त्यांना सांगू नको."

"काकू, परत वजन होईल."

"बारीक ठेव. पर ठेव."

मी एक पातळ पट्टी डाव्या अंगाला मारली, घासून घेतली, वर काळा रंग दिला. दिसायची नाही.

बॉडी पुन्हा बसवल्यावर सर गोणपाट टाकून गाडीखाली शिरले, हातोडी घेऊन. उजवं अंग वाजवलं, टक, टक, टक. मधले दांडे वाजवले. मग डावीकडं आले. एक ठोका, आणि आवाज थांबला. मग पुन्हा त्याच जागी एक ठोका. मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर सर चिडून आले तर काय सांगायचं, ते मी जुळवत होतो. सर बाहेर आले, शर्ट झटकला, हातोडी खिशात घातली. "वाजतंय नीट," म्हणाले, आणि घरात गेले. जाताना डोळे पुसले, पण तिथं धूळ बरीच होती.

एवढ्यात काकूंचा डावा हात गिअरला चालेना झाला होता. गिअर धरता यायचा, ढकलता यायचा नाही. मला वाटलं, आता झालं, हातातोंडाशी आलेला घास गेला. पण काकूंनीच तोड काढली. क्लच त्या दाबणार, स्टिअरिंग त्या धरणार, गिअर सर टाकणार. ज्या माणसानं जन्मात गाडीचा हॉर्न वाजवला नाही, तो. आठवडाभर अंगणात उभ्या गाडीत दोघांची शाळा चालली होती. माझ्याकडं ऐकू यायचं. "दुसरा." "दुसरा टाकला." "तिसरा." "तिसरा. नाही, थांबा. धरून चाला की अडकला..." "धरून काय चालायचं, आधी गेर धरा." माझे कामगार हसून लोळायचे. मी हसत होतो आणि आतून धास्तावलेलो होतो.

घाटाच्या दिवशी सर गाडीत बसले ते ब्रेकचं काही न विचारता. बसले आणि दार लावलं, बस्स. मी मागं पिकअपमध्ये देवाचं नाव घेत. गाडी सरळ बसलेली, सरळ चाललेली. करंजीच्या पायथ्याशी गिअर बदलला तेव्हा खरखर झाली, मला वाटलं मोडला. पुढं गेली. पहिलं वळण. दुसरं वळण, जिथं आधी थांबली होती ते. तिथं समोरून भरलेला ट्रक उतरत आला, अगदी सरांना रोज स्वप्नात दिसायचा तसा, आणि काकूंनी गाडी अलगद डावीकडं घेऊन त्याला वाट दिली. मागच्या काचेतून मला दोन डोकी दिसत होती, एक ताठ, एक गिअरवर वाकलेलं. वर पोचल्यावर मी पिकअप बाजूला घेतली आणि थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

माहेरच्या दारात काकूंनी गाडी उभी केली. भाऊ हार घेऊन उभा होता, म्हातारा झालेला. आनंदानं म्हणाला, "आक्का, शेड झाडून ठेवलंय बघ गाडीला." काकू म्हणाल्या, "गोन्या आधी घरात ने."

पुढच्या थंडीत सर गेले. घरातल्या ओट्यावर, खुर्चीत, सकाळी पेपर वाचता वाचता. रस्ता नाही, घाट नाही, टँकर नाही. खुर्ची मजबूत होती, त्यांनीच पाय बदलून घेतले होते. काकू मला म्हणाल्या, "खुर्ची धा वेळा वाजवून बघितली व्हती त्यांनी. छाती कोन वाजवून बघनार?"

आता हेराल्ड मी चालवतो. महिन्यातून एखाद्या वेळी काकूंना माहेरी घेऊन जातो, करंजीवरून. काकू डावीकडं बसतात, सरांच्या जागेवर. जी पट्टी त्यांनी सरांसाठी ठेवायला लावली, तिच्यावर आता त्याच बसतात. हातोडी त्यांच्या पिशवीत असते. निघायच्या आधी त्या दार उघडून वाकतात आणि सीटखालच्या पत्र्यावर ठोका मारतात. हात उडतो, त्यामुळं एकाच्या जागी चारपाच ठोके पडतात, कमीजास्त. मी स्टिअरिंगवर हात ठेवून थांबतो. काकू डोळे मिटतात, ऐकतात.

"वाजतंय नीट," म्हणतात. मग मी गाडी सुरू करतो.